'बिचारी' नसलेल्या बाईचं काय करायचं?

विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आलं १९७२ मध्ये. आमच्यातल्या कुणाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. तरी कात्रजमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये ते वाचताना आमचीच चोरी पकडली गेली. त्या चोरीची ही गोष्ट.

गेल्या वर्षी आमच्या ग्रुपने एक एकांकिका लिहिली. विषय घरगुती हिंसाचार. नायिका सोशिक, गरीब, आवाज खाली ठेवून बोलणारी. नवरा दारुडा, आल्या आल्या लाथ मारणारा. शेवटी नायिका पुढे येऊन प्रेक्षकांकडे बघत तीन मिनिटं बोलते आणि ब्लॅकआऊट. टाळ्या कुठे पडणार हेसुद्धा आम्ही पेन्सिलने मार्क करून ठेवलं होतं.

एका सीनियर दादाला स्क्रिप्ट दाखवली. त्याने ती शांतपणे वाचली आणि एकच प्रश्न विचारला. "ही बाई खडूस असती, खोटं बोलणारी असती, शेजाऱ्यांशी भांडणारी असती, तर तिला मारलेलं चाललं असतं का?"

"नाही, अर्थातच नाही," आम्ही म्हणालो.

"मग तिला इतकी गरीब गाय का केलीय?"

उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "आधी बाइंडर वाचा. मग बोलू."

रविवार संध्याकाळ, चहा आणि जुनं पुस्तक

आम्ही चौघी कात्रजला राहतो. चौकापासून चालत दहा मिनिटं. भाडं परवडतं, स्वारगेटची बस लगेच मिळते आणि रात्री घाट चढणाऱ्या ट्रकच्या आवाजाची महिन्याभरात सवय होते. एका रविवारी ग्रुपमधले दोन मुलगे आले आणि आम्ही सहाजण नाटक मोठ्याने वाचायला बसलो. पात्रं वाटून घेतली, चहा ठेवला, दार मुद्दाम उघडं ठेवलं.

दार उघडं ठेवायचं कारण समोरच्या काकू. आमच्याकडे कोण येतं, किती वाजता जातं, कुणाच्या हातात कसली पिशवी आहे, याची नोंद त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त व्यवस्थित असते. सोसायटीकडे आमच्याबद्दल दोनदा तक्रार गेली, दोन्ही वेळा त्यांच्याचकडून. घरमालकांचा फोन आला की आम्ही एकमेकींकडे बघतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालतो. काकूंचा विषय पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

सखाराम आवडायला लागतो, तिथेच गडबड आहे

नाटक माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सखाराम छापखान्यात बाइंडिंगचं काम करतो. लग्न ही भानगड त्याला मान्य नाही. नवऱ्याने टाकलेल्या बायका तो घरी आणतो. दारातच अटी सांगतो. घर बघायचं, सांगेन ते ऐकायचं, बायको जे जे करते ते सगळं करायचं. पटलं तर राहा, नाही पटलं तर जा. जाताना साडी, थोडे पैसे आणि प्रवासाचं तिकीट देईन.

वाचताना आमच्यातला एकजण म्हणाला, "पण हा खोटं तरी बोलत नाही यार." आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं. सखाराम नवरे नावाच्या जमातीला झोडपतो. बायकोला मारून वर देवळात जाणाऱ्यांची टर उडवतो. मृदंग वाजवतो. दाऊद नावाच्या मुसलमान मित्राला घरच्यासारखं वागवतो. बोलतो इतका मोकळा की हसू येतंच. आणि तुम्ही हसता हसताच तो बाईवर हात उगारतो.

यातला एक प्रसंग आम्ही दोनदा वाचला. घरात गणपतीची आरती चालू आहे. दाऊदही म्हणू लागतो. लक्ष्मी, म्हणजे सखारामने नुकतीच आणलेली बाई, धार्मिक आणि शांत, त्याला हरकत घेते. मुसलमानाने आरती कशी म्हणायची? सखाराम भडकतो. इथपर्यंत तुम्ही कुणाच्या बाजूने असता? आम्ही सहाही जण सखारामच्या बाजूने होतो. मग तो लक्ष्मीला मारतो. बेदम.

वाचन थांबलं. कारण दोन सेकंदांपूर्वी आपण त्याच्या बाजूने होतो. त्याचा मुद्दा बरोबर, लक्ष्मीचा चूक. मग मार पडायला लागल्यावर आपण कधी बाजू बदलली? बदलली की नाही? की मनाच्या एका कोपऱ्यात 'तिचं पण चुकलंच ना' असं काहीतरी पुटपुटलं गेलं? तेंडुलकर इथे भाषण देत नाहीत. ते फक्त मार खाणाऱ्या बाईला चुकीचं वागायला लावतात आणि आपल्याकडे बघत बसतात.

एक सोशिक, एक बेफाम

लक्ष्मी तशी आपल्या ओळखीची. मूल नाही म्हणून नवऱ्याने टाकलेली. कुणाशी बोलायची सोय नाही म्हणून मुंगळ्याशी गप्पा मारते, त्याच्याशी बोलताना हसते. ते हसू सखाराम ऐकतो आणि रात्री दमदाटी करून तिला तसंच हसायला लावतो. नाटकातला माझ्या मते सगळ्यात भयंकर प्रसंग हाच. रक्त नाही, शिवी नाही, नुसतं जबरदस्तीचं हसणं.

एक दिवस लक्ष्मी घर सोडते. 'ती सोडून का जात नाही?' हा आपला आवडता प्रश्न ना? ही जाते. जाते कुठे? अंमळनेरला, पुतण्याकडे. तिथे चोरीचा आळ येतो, घराबाहेर काढलं जातं आणि ती परत सखारामच्याच दारात येऊन उभी राहते. प्रश्नाचं उत्तर तेंडुलकरांनी एका एसटीच्या फेरीत देऊन टाकलंय.

तोवर घरात चंपा आलेली असते. चंपा म्हणजे लक्ष्मीचं दुसरं टोक. फौजदार असलेल्या नवऱ्याला लाथ मारून आलेली. घरकामाचा कंटाळा, तोंडाने फटकळ. सखारामला शरीर द्यावं लागतं, ते शुद्धीत सहन होत नाही म्हणून दारू पिते. पुढे दाऊदकडे जाऊ लागते. नवरा तिला शोधत येतो तेव्हा त्याला ती इतकी बडवते की बघवत नाही. पण याच नवऱ्याने ती पोरगी होती तेव्हापासून तिचे काय हाल केलेत, हेही नाटक सांगतं.

आता मजा बघा. परत आलेल्या लक्ष्मीला घरात राहू द्यावं म्हणून सखारामपाशी शब्द कोण टाकतं? चंपा. चंपाची चोरून माहिती काढून ती सखारामला कोण सांगतं? लक्ष्मी. ते ऐकून सखाराम चंपाचा गळा दाबतो. ती मरते. तो हादरून बसतो आणि प्रेत पुरायची कल्पना देवभोळ्या लक्ष्मीच्या डोक्यातून निघते. तिच्या मते चंपा पापी होती, त्यामुळे देव आपल्याच बाजूला आहे.

म्हणजे ज्या बाईसाठी आपण दोन अंक हळहळलो, ती खुनात सामील. जिला आपण 'असली बाई' म्हणून बाजूला ठेवलं, तिने नाटकातली एकमेव दया दाखवली. आणि दोघींना मारणारा हात एकच.

पुस्तक मिटल्यावर मैत्रीण म्हणाली, "मला आता कुणाची बाजू घ्यायची तेच कळेना." दादाला तेच हवं असणार.

आक्षेप कशावर होता?

१९७२ मध्ये कमलाकर सारंग यांनी हे नाटक दिग्दर्शित केलं. सखाराम झाले निळू फुले, ज्यांना आपली पिढी बहुतेक मीम्समधूनच ओळखते. चंपा लालन सारंग, लक्ष्मी कुसुम कुलकर्णी. तेरा प्रयोगांनंतर सेन्सॉरने नाटक अडवलं. सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. या सगळ्या लढाईवर त्यांनी 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक लिहिलंय.

आरोप काय होते? अश्लीलता. शिवराळ भाषा. लग्नसंस्थेचा अपमान. रंगमंचावर चंपा साडी बदलते, त्याचाही केवढा बोभाटा झाला. आज हे वाचताना खटकतं ते असं की गाजलेल्या आक्षेपांच्या यादीत पट्टा कुठे दिसतच नाही. बाई मार खाते हे प्रेक्षकांनी बघायचं, त्याला कुणाची फारशी ना नव्हती. मार खाणारी बाई दारू पिते, शिव्या देते, साडी बदलते, हे मात्र चालणार नव्हतं.

तेंडुलकरांनी हे आधीही केलं होतं. १९६७ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये वेळ घालवायला म्हणून लुटुपुटूचं कोर्ट भरतं आणि लीला बेणारे नावाच्या शिक्षिकेला आरोपी केलं जातं. खेळ म्हणता म्हणता तिचं खासगी आयुष्य सोललं जातं. कोवळ्या वयात सख्ख्या मामाने तिचा गैरफायदा घेतला, नंतर एका प्राध्यापकाने. शिक्षा मात्र तिलाच. ते दोघेही पुरुष रंगमंचावर एकदाही येत नाहीत. प्रेक्षक मजेत बघत असतात आणि उशिरा कळतं की त्या कोर्टात आपणही बसलो होतो.

एक आक्षेप आमच्यातही निघाला आणि तो मला पटतो. चंपाच का मेली? बेणारेच का चिरडली गेली? पुरुष लेखकाच्या नाटकात बाईने शेवटी हरायचंच का? यावर आमचं भांडण झालं. एकीचं म्हणणं, चंपा वाचली असती तर आपण 'हुश्श' करून घरी गेलो असतो. दुसरी म्हणाली, आपल्याला अस्वस्थ करायला दर वेळी एका बाईचा जीव का लागतो? मी अजून दोघींच्या मध्ये आहे.

सात कारणं

'हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं' असं वाटत असेल तर एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लोकांना विचारलं होतं की पुढच्या सात कारणांपैकी कुठल्या कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे? न सांगता बाहेर गेली. घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं. वाद घातला. शरीरसंबंधाला नाही म्हणाली. स्वयंपाक नीट केला नाही. दुसऱ्या पुरुषाशी संबंध असल्याचा संशय आला. सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही.

देशभरात सुमारे ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले, यातल्या किमान एका कारणासाठी चालेल.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. सखाराम दारात उभा राहून सांगतो त्या अटी आणि ही यादी, फार फरक नाही. आणि बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, हे बघितल्यावर लक्ष्मी एकदम अनोळखी वाटत नाही. ती राक्षस नाही. तिला आयुष्यभर एवढंच शिकवलंय की चांगल्या बाईला वाचवलं जातं आणि वाईट बाईला शिक्षा होते. मग जगायचं तर दुसरी कुणीतरी आपल्यापेक्षा वाईट असायलाच हवी.

कायद्याच्या दारात लक्ष्मी आणि चंपा

मला वाटलं, आज दोघी असत्या तर निदान कायदा तरी होता. म्हणून शोधलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. लग्न न करता, पण लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही तो संरक्षण देतो. वाचून बरं वाटलं.

मग पुढे २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा वेलुसामी खटल्याचा निकाल सापडला. लग्नासारखं नातं म्हणजे काय, याच्या अटी न्यायालयाने त्यात सांगितल्या. समाजापुढे नवरा-बायकोसारखं राहिलेलं असावं, बराच काळ एकत्र राहिलेलं असावं आणि दोघंही कायद्याने लग्न करायला मोकळे असावेत. म्हणजे आधीचं लग्न शिल्लक नसावं.

लक्ष्मीचा नवरा जिवंत. चंपाचाही जिवंत. दोघींचा घटस्फोट नाही. मारहाणीची तक्रार पोलिसांत कुणीही करू शकतं, तो गुन्हाच आहे. पण या कायद्याने मिळणारं जास्तीचं संरक्षण, राहायचं छप्पर, खर्चाला पैसे, यासाठी या अटी लावल्या तर दोघी उंबरठ्यावरच अडकतात. इथेही आधी विचारलं जातं, तू कोण त्याची? किती लागलं हा प्रश्न नंतरचा.

समोरचं दार

आता काकू.

नाटक वाचायच्या साधारण महिनाभर आधीची गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमाराला समोरून आवाज आला. आधी काकांचा, मग भांडं पडल्याचा, मग काकूंचा. पहिल्यांदाच नव्हता येत. आम्ही चौघी आतल्या खोलीत गेलो, दार लावलं, लॅपटॉपचा आवाज वाढवला. आणि आमच्यातली एक म्हणाली, "बरं झालं. आमच्यावर नजर ठेवते ना."

तिला कुणी काही बोललं नाही. हसलोसुद्धा असू. ती एक म्हणजे मी. हे लिहावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. पण बाइंडरवर लिहून हे गाळलं तर मग लिहायचं कशाला?

आमच्या एकांकिकेत मार खाणाऱ्या बाईसाठी टाळ्या मार्क केलेल्या होत्या आणि समोरच्या दारामागे मार खाणाऱ्या बाईसाठी माझ्याकडे 'बरं झालं' होतं. कारण ती बिचारी नव्हती. ती आमच्या तक्रारी करायची. आमचे कपडे बघून नाक मुरडायची. थोडक्यात, ती लक्ष्मी होती आणि तिच्या लेखी आम्ही चौघी चंपा.

नाटक वाचल्यानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच आवाज आला. या वेळी लॅपटॉप बंद केला. 'ब्रेकथ्रू' संस्थेची २००८ ची 'बेल बजाओ' मोहीम आम्हाला पहिल्या वर्षाला अभ्यासाला होती. शेजारून मारहाणीचा आवाज आला तर काहीतरी निमित्त काढून बेल वाजवा, एवढंच तिचं सांगणं. परीक्षेत त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. बेल कधी वाजवली नव्हती.

चौघी मिळून गेलो. एकटं जाऊ नये, एवढी अक्कल होती. एकीने फोनवर ११२ डायल करून तयार ठेवलं. बेल वाजवली. आत एकदम शांतता. काकांनी दार उघडलं. मी म्हणाले, "काका, दूध आहे का थोडं? विरजण लावायचंय." रात्री बारा वाजता विरजण! ते बघतच राहिले. मागून काकू आल्या, पदर घट्ट ओढलेला. काही न बोलता आत गेल्या, पेलाभर दूध आणून दिलं. आमच्याकडे बघितलं नाही.

त्या रात्री पुन्हा आवाज आला नाही. पुढे काय झालं, होतंय, ते मला माहीत नाही. आम्ही काही कुणाला वाचवलं वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी पेला धुवून परत करताना त्याच्याखाली एक चिठ्ठी ठेवली. महिला हेल्पलाइनचा नंबर, १८१. काकूंनी पेला घेतला, चिठ्ठी मुठीत धरली आणि दार लावलं.

सिनेमात असतं तर यानंतर काकूंनी आम्हाला जवळ घेतलं असतं. प्रत्यक्षात आठवड्याने जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "परवा तुमच्याकडे नऊनंतर मुलं होती. मी सेक्रेटरींना सांगितलंय."

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. गिळलं. "हो काकू, सांगा," म्हणाले आणि खाली उतरले. राग आलाच. पण राग आला म्हणून पुढच्या वेळी बेल वाजवायची नाही, असं काही ठरत नाही. त्यांनी चांगलं वागणं ही बेलची किंमत असू शकत नाही.

एकांकिका आम्ही फाडली, पुन्हा लिहितोय. नवी नायिका खडूस आहे. सोसायटीत सगळ्यांच्या तक्रारी करते, पोरींच्या फ्लॅटवर डोळा ठेवते, दोनदा खोटं बोलते. पहिली वीस मिनिटं ती प्रेक्षकांच्या डोक्यात जाईल, याची पुरेपूर सोय केली आहे. मग दार लागतं आणि आतून आवाज येतो.

या वेळी टाळ्यांच्या जागा मार्क केलेल्या नाहीत. त्या क्षणी हॉलमध्ये कुणी हसलं तर काय करायचं, हे मात्र अजून ठरलेलं नाही.